मुक्काम पणदरे

“शाहीर, ती जुनीच म्हणा की! काशीबिशी मागनं!”

इंदापूरच्या बाजारात मिरच्यांच्या ढिगामागून कुणीतरी ओरडलं आणि माणसं खिदळली. सावळारामनं डफ खाली घेतला. घसा सकाळपासून बसला होता. चाल त्याचीच, पंचवीस वर्षांपूर्वी तमाशाच्या फडात बांधलेली, आणि त्या चालीवरचे जुने शब्द आयाबायांसमोर म्हणण्यासारखे नव्हते. पण ती नुसती कानावर पडली तरी अर्धा बाजार गोळा व्हायचा, आणि रेल्वेला तेवढंच हवं होतं.

“म्हातारा झालो रं,” तो म्हणाला. “आता काशीच बरी.” त्यानं पुन्हा थाप मारली.

चला गं सखे, बारामतीला, गाडी उभी ठेसनात,
दौंडाला बदलू, काशीला उतरू, गंगा वाहे दारात!

रेल्वेच्या प्रवास खात्यातले बर्वे शेजारी खुर्ची टाकून छापील कागद वाटत होते. माघात दौंडहून यात्रेची स्पेशल सुटायची होती: प्रयाग, काशी, गया, येताना आग्रा, सगळे मिळून पंचवीस दिवस. सर्व्हिस मोटारींनी उतारू पळवले म्हणून वरच्या साहेबानं ही टूम काढली होती. लोकांना देश दाखवा म्हणे, आणि आधी त्यांच्या आवडीच्या चालीत तो ऐकवा. आता गंमत अशी, की इंदापुराला रेल्वेच नाही. त्यामुळे रेल्वेची थोरवी गायला शाहीर आणि बर्वे मोटारीतून आदळत यायचे!

बर्वे कागद वाचून दाखवायचे आणि सावळाराम त्यातले घाट, देवळं, पायऱ्या गाण्यात बसवायचा. स्वतः त्यानं यातलं काही म्हणजे काही पाहिलं नव्हतं. तरी तो गंगेच्या पायऱ्या अशा उतरायचा, की ऐकणाऱ्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

साठीला टेकलेला माणूस एवढी वणवण करत होता ती एका शब्दावर. बर्व्यांनी सांगितलं होतं, “स्पेशलमध्ये गाणारा लागेलच. तुम्ही चला. मंडळींनाही घ्या.”

मंडळी म्हणजे धोंडाबाई. पणदऱ्याला घरी तिनं हे ऐकलं, तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

“खरंच का वो?”

“रावसाहेब म्हनाले. बामनाचा शब्द हाय.”

“मग जाऊच. आपल्यामागं हाडं काशीला घिऊन जायाला कोन हाय? आपलं आपनच जाऊन याचं. तिथल्या पंड्याच्या चोपडीत दोघांची नावं लिवायची. कुनीतरी होतं म्हनून ऱ्हाईल.”

दोन लेकरं झाली होती, दोन्ही बाळपणीच गेली. त्याविषयी ती कधी बोलायची नाही. त्या दिवशीही बोलली नाही. पण संध्याकाळी तिनं लग्नातलं लुगडं ट्रंकेतून काढून उन्हाच्या शेवटच्या तुकड्यात पसरलं, आणि सावळारामला वाटलं, आता घसा फाटला तरी बेहत्तर.

भाद्रपदात बर्व्यांनी त्याला पुण्याला नेलं. एका घराच्या खोलीत भिंतींना घोंगड्या लावल्या होत्या आणि मधोमध यंत्र होतं. बर्वे दारातच घुटमळले.

“शाहीर, एक सांगायचं राहिलं. वरून हुकूम आलाय. आज तुमच्या गाण्याची तबकडी करायची. स्पेशलमध्ये ग्रामोफोन जाईल.”

“जाऊ द्या की. मीबी हायेच.”

“तबकडी असल्यावर माणूस नको म्हणतात साहेब.” बर्वे चपलेकडे बघत होते. “मी भांडलो हो. पण माझं कोण ऐकतो?”

सावळाराम भिंतीला टेकला. डोक्यात काही नव्हतं, फक्त ते उन्हात पसरलेलं लुगडं दिसत होतं. निघून जावं असं त्याला फार वाटलं. आपणच गायचं, आणि आपल्याच गाण्यानं आपली जागा घ्यायची, हा कुठला न्याय?

“न्हाय म्हनलं तर?”

“तर दुसरा कुणी गाईल. चाल सगळ्या बाजाराला पाठ झालीय.”

हे मात्र खरं होतं. तो उठला, पटका सारखा केला आणि यंत्रापुढं उभा राहिला. गायला तो चांगलाच. तीन मिनिटांत सगळे घाट उतरला. गाणं संपलं, पण यंत्र अजून फिरत होतं. इंदापूरच्या हॉटेलात वाजणाऱ्या जुन्या तबकड्यांत गाणारे शेवटी आपलं नाव सांगतात, हे त्यानं ऐकलं होतं. तो पुढं वाकला आणि म्हणाला, “सावळाराम, आनि धोंडाबाई. मुक्काम पणदरे.”

बर्व्यांनी कपाळाला हात लावला. यंत्रवाला म्हणाला, “राहू द्या, छान आलंय.”

चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं बायकोचं नाव घेतलं ते लग्नात, तेही उखाण्यात, तेही पाच जणींनी दार अडवल्यावर. एरवी ‘अगं’ आणि ‘अवं’ यावर दोघांचं भागलं होतं. यंत्रापुढं बोलून गेला खरा, पण बाहेर आल्यावर त्याचे कान तापले. घरी त्यानं जागा गेल्याचं सांगितलं. नावाचं सांगायला काही जीभ रेटली नाही.

धोंडाबाईनं लुगड्याची घडी घातली. “असू द्या,” एवढंच म्हणाली, आणि ट्रंक लावली. सावळारामला वाटलं, चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं.

माघात स्पेशल गेली. शेजारच्या छबूबाई गेल्या, त्यांचा कालव्यावरचा ऊस त्या साली चांगला झाला होता. गाडी सुटताना बघायला हे दोघं गेले नाहीत. फाल्गुनात यात्रेकरू दौंडाहून बारामतीला परतले, तेव्हा मात्र धोंडाबाई सकाळीच निघाली. काशीहून आलेल्याचे पाय धुवायचे, त्याच्या पाया पडायचं, ही गावाकडची रीत. जे गेले नाहीत त्यांना थोडं पुण्य तसंच मिळतं. सावळाराम मागून पाय ओढत चालला. बारामती चार कोस, आणि ऊन तर काय विचारता!

स्टेशनावर धोंडाबाई तांब्या घेऊन वाकली, तर छबूबाईनं तिला वरच्या वर धरलं.

“अगं, माझ्या काय पाया पडतीस? तू तर रोज आमच्या संगं हुतीस! तुझ्या दादल्यानं तुझं नाव घेतलंय त्या पेटीत! गंगेच्या घाटावर पेटी लावली, तर धोंडाबाई, मुक्काम पणदरे! पंड्यानं इचारलं, ह्या कोन बाई? मी म्हनलं, आमच्या शेजारीन.”

धोंडाबाई लाल झाली. “लाज कशी न्हाय वाटली?” ती नवऱ्याला पुटपुटली. सावळाराम दुसरीकडे बघायला लागला. मग ती सरळ बर्व्यांपुढं जाऊन उभी राहिली. ग्रामोफोनची पेटी त्यांच्या पायाशी होती.

“रावसाहेब, लावा की एकदा.”

बर्व्यांनी नाही म्हटलं नाही. चावी दिली, सुई ठेवली. माणसं गोळा झाली. सावळारामचा आवाज कर्ण्यातून आला, खरखरत, पण आला. प्रयाग झालं, काशी झाली. धोंडाबाई तोंडाला पदर लावून ऐकत होती. गाणं संपत आलं तशी खरखर वाढत गेली, आणि शेवटी त्या खरखरीतून एवढंच वर आलं, “…मुक्काम पणदरे.”

“पंचवीस दिवस रोज वाजवली,” बर्वे ओशाळून म्हणाले. “शेवटाला झिजली. दुसरी प्रत मुंबईला आहे, मागवतो मी.”

ते काही मागवणार नाहीत, हे सावळारामला माहीत होतं. एवढी एकच गोष्ट त्यानं तिच्यासाठी केली होती.

धोंडाबाई मात्र पेटीकडे बघत होती. तिनं तांब्यातलं पाणी हातावर घेतलं, पेटीच्या एका कोपऱ्याला लावलं आणि तिला हात जोडले.

“झिजलं न्हाय,” ती म्हणाली. “तिकडंच ऱ्हायलं.”

परत निघाले तेव्हा दुपार कलली होती. शिवारात ज्वारीची काढणी झालेली, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन कोस चालून झाले. एका बाभळीखाली ती थांबली. गुडघे दुखत होते.

“अवं.”

“काय?”

“मला न्हाय ऐकू आलं ते. तुमी काय म्हनला हुता, तेवढं म्हना की एकदा.”

सावळारामनं मागं बघितलं, पुढं बघितलं. हजारो माणसांपुढं गायलेला माणूस, पण आधी पटका सारखा केला. दोनदा खाकरला. मग डफावर मारायचा तो हात उगीच मांडीवर टेकवून म्हणाला, “धोंडाबाई. मुक्काम पणदरे.”

“व्हय,” ती म्हणाली, आणि रिकामा तांब्या काखेत मारून चालू लागली.