पाण्याची सोय ओट्याजवळ

"काका, जरा मान खाली घ्या," असं म्हणत दत्ताने बन्सीधरच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि आगारात एसटी लावावी तसं त्याला जरा मागे, जरा डावीकडे घेत फोटोत बसवलं. एप्रिलचं ऊन अजून उतरलं नव्हतं. शालीखाली बन्सीधरच्या पाठीवरून घामाची धार लागली.

"यंदा तुमी निस्तं बसून मॅच बघायची," दत्ता म्हणाला. भीमजयंतीच्या कबड्डी स्पर्धेची सगळी धावपळ याच पोराच्या अंगावर होती. "लय वर्षं माईकवर बोललात. आता आराम करा."

"आराम कामून? मी दमलो म्हणलो का?"

"तसं न्हाई हो काका. यंदा सगळं यूट्यूबवर लाईव्ह हाय. आपली पुण्यातली पोरं तिकडं बसून बघायलीत. त्यायला जरा मसाला पाहिजे. तुमचं कसं हाय, तुमी जे झालं तेच सांगता."

जे झालं ते सांगणं हा आपला दोष आहे, हे निवृत्त झाल्यावर बन्सीधरला कळत होतं. तो स्टेजवरच्या खुर्चीत जाऊन बसला. शेजारी परभणीहून बोलावलेला निवेदक माईक हातात घेऊन घसा साफ करत होता. त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. चष्म्यातून त्याला डावा कोपरा कुठला नि उजवा कुठला हे दिसणार कसं, असा प्रश्न बन्सीधरला पडला, पण शाल घेतलेल्या माणसाने असे प्रश्न विचारायचे नसतात.

बन्सीधर इथल्याच शाळेत लिपिक होता. दाखले लिहिण्यात जन्म गेला आणि वर्षातले दोन-तीन दिवस तेवढा माईक हातात आला. पण त्या दोन-तीन दिवसांवर तो उरलेलं वर्ष काढायचा. ताडकळसमध्ये ज्यांच्या घरून मैदान दिसत नव्हतं, त्यांना ते बन्सीधरच्या आवाजातून दिसायचं. चढाईला कोण गेला, कुठल्या अंगाने गेला, पाय कुणी धरला, आत किती जण उरले, हे तो भाकरी थापावी तसं एका लयीत सांगत राहायचा. देणगीदारांची नावं खेळ थांबला की वाचायचा, आधी नाही. त्यापायी गावातले दोन-चार मोठे लोक त्याच्यावर कायमचे नाराज होते.

आणि मुख्य म्हणजे तो कुणाचीही बाजू घ्यायचा नाही. आतून तो ताडकळसचाच होता, पार हाडापर्यंत. पण माईकवर त्याने कधी आवाज चढू दिला नाही की पडू दिला नाही. गावाचा संघ दरवर्षी जोरदार खेळायचा आणि दरवर्षी सेमीफायनलला पडायचा. "ताडकळसच्या नशिबात शेमीच," असं आता लहान लेकरंही म्हणत. पहिल्याच फेरीत हरलं तर माणूस घरी जाऊन गप जेवतो. सेमीत हरणं म्हणजे पंगतीत पान वाढून झाल्यावर हाताला धरून उठवून लावणं. बन्सीधरने असं उठणं किती वेळा भोगलं होतं आणि प्रत्येक वेळी स्वतःच्याच तोंडाने, सरळ आवाजात, ते गावाला सांगितलं होतं.

आज पुन्हा सेमी होती. समोर चुडाव्याचा संघ.

"तमाम कबड्डीप्रेमींनो, हा खेळ न्हाई, हे युद्ध आहे युद्ध!" निवेदक गरजला आणि सामना सुरू झाला. पहिली चढाई झाली, दुसरी झाली, आणि भोंग्यावरून "वाघ आहे वाघ!" एवढंच ऐकू येत होतं. वाघ कोण, त्याने कुणाला मारलं, का तोच मेला, याचा पत्ता नव्हता. मध्येच कुणीतरी पाचशे एक रुपये लावले. तिकडे पकड होत होती आणि इकडे देणगीदाराच्या आजोबांपासूनची कीर्ती चालली होती.

बन्सीधरचं लक्ष उडालं. त्याच्या डोळ्यांपुढे सटवाजीची बाज येत होती.

सटवाजी त्याचा बालमित्र. एके काळी ताडकळसचा सगळ्यात चपळ चढाईवाला होता. दिवाळीच्या सुमारास त्याला लकवा झाला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मागच्या पंधरवड्यात परभणीच्या डॉक्टरांनी लक्ष्मीवहिनींना बाजूला घेऊन घरी न्यायला सांगितलं होतं. आज सकाळी बन्सीधर जयभीम घालायला गेला, तेव्हा वहिनी चमचा आणि वाटी घेऊन बाजेशी बसल्या होत्या आणि सटवाजी ओठ घट्ट मिटून पडला होता.

"भावजी, सांगा की ह्यायला. सकाळधरनं पाण्याचा थेंब घेतला न्हाई."

"खेळ झाल्यावर," सटवाजी कसंबसं म्हणाला. मग बन्सीधरकडे बघून एकेक शब्द ओढत बोलला, "एकदा... फायनल... ऐकू दे. मंग मी मोकळा."

आपल्या हातून माईक जाणार हे तेव्हा बन्सीधरला माहीत नव्हतं. त्याने मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "ऐकवतो की लेका. भोंगा तुह्या घराकडंच करायला लावतो."

भोंगा खरंच त्या घराकडे तोंड करून होता. त्यातून वाघ चालले होते.

शालीखाली खिशातला फोन थरथरला. वहिनी होत्या.

"भावजी, ह्यायला काईच कळंना हो. भोंगा निस्ता वरडायलाय. म्या मोबाईलवर लावून देलं, तर त्याच्यात पोरगं आता निघायलंय आन् भोंग्यात टाळ्या आधीच झालेल्या. 'शिळं हाय, बंद कर' म्हणायलेत. लय बेजार झालेत."

बन्सीधर उठला. नारळ खुर्चीत ठेवला. दत्ताने "काका, कुठं?" म्हणून विचारलं, तर करंगळी दाखवून तो स्टेजवरून उतरला आणि गर्दीच्या कडेकडेने शाळेच्या ओट्यावर गेला. तिथे खेळाडूंसाठी पाण्याचे ड्रम ठेवले होते. भोंगा तिथून लांब होता आणि मैदान सगळं दिसत होतं. त्याने पुन्हा फोन लावला.

"वहिनी, स्पीकरवर टाका आन् त्याच्या कानापशी ठिवा. सटवा, ऐकायलास का?"

"हं."

"आपले तेरा, त्यायचे पंधरा. आता आपला नागेश चढाईला..." आणि तेवढ्यात नागेशने पाय लांबवून चुडाव्याच्या पोराला असा टिपला की बन्सीधरच्या आत इतकी वर्षं दाबून ठेवलेलं काहीतरी फुटलं. आज माईक नव्हता, पंच ऐकत नव्हते, कुणाचं मन राखायचं नव्हतं. तो ओट्यावर नाचलाच. "मारलं! मारलं रे! जा लेका! आता धरा त्याला, धरा, सोडू नका, हाणा खाली!" पाणी प्यायला आलेल्या दोन बायका त्याच्याकडे बघतच राहिल्या. शाळेतले बन्सीभाऊ असे ओरडू शकतात हे त्यांना नवीन होतं. त्यालाही नवीन होतं. फार बरं वाटत होतं.

फोनमधून घरघर आली. "बन्श्या."

"काय रे? बघितलंस का, कसं मारलं!"

"न्हाई... बघितलं." सटवाजी दम खाऊन म्हणाला, "तू वरडलास की... मला दिसंना."

बन्सीधरचा हात हळूच खाली आला. शालीच्या टोकाने त्याने तोंड पुसलं, फोन ओठांजवळ धरला आणि नेहमीच्या आवाजात सुरुवात केली.

"चुडाव्याचा चढाईवाला आत आलाय. उंच हाय, डाव्या अंगानं चाललाय. आपले पाच जण उभे हायेत. डावा कोपरा मागं सरकला. चढाईवाल्यानं हात टाकला, लागला न्हाई. आता कोपऱ्यानं घोटा धरलाय, मधल्यानं कंबर. पडला. गुण आपल्याला."

"हं," सटवाजी म्हणाला. मग थोड्या वेळाने, "दिसलं."

ऊन उतरत गेलं. बन्सीधर बोलत राहिला. इतक्या वर्षांत हजार-दोन हजार माणसांना उद्देशून बोलताना त्याला कुणाचाच चेहरा दिसला नव्हता. आज ऐकणारा एकच होता आणि त्याचे मिटलेले ओठ सारखे डोळ्यांपुढे येत होते. अंग थकलं होतं, पाय ओट्यावर भरून आले होते, पण बसलं तर उजवा कोपरा दिसत नव्हता. एकदा ताडकळस तीन गुणांनी पुढे गेलं. बन्सीधरने तेही आवाज न चढवता सांगितलं. पण मनातल्या मनात तो फायनलला जाऊन पोचला होता. ही आशा फार वंगाळ. दर वर्षी तिला घराबाहेर काढावं आणि दर वर्षी तिनं मागच्या दारानं येऊन चुलीपाशी बसावं.

मग चुडाव्याने एकेक गुण करत गाठलं. शेवटची चढाई उरली तेव्हा दोन्हीकडे सव्वीस-सव्वीस.

"नागेश निघालाय. त्यायचे चौघं हायेत. उजव्या कोपऱ्याकडं चाललाय. थांबला. वळला. पायानं टिपलंय, लागलाय, कोपऱ्याला लागलाय! आता माघारी. मधल्यानं मागून मिठी मारली. नागेश वढायलाय. दुसरा आला अंगावर. पडला, हात लांब केलाय रेषेकडं..."

पंच वाकून बघत होते. नागेशचा हात मातीवर सरळ पसरला होता. बोटं आणि मधली रेषा यांच्यामध्ये माती होती.

शिट्टी झाली. चुडाव्याची माणसं मैदानात घुसली, फटाक्यांची लड लागली. निवेदकाने माईक ठेवला आणि डीजे लावायची खूण केली.

"हॅलो? भावजी?" फोनमध्ये वहिनींचा आवाज येत होता.

बन्सीधरने फोन बंद केला आणि तो सटवाजीच्या घराकडे चालायला लागला.

वाटेत त्याला ती पहिली सेमी आठवली. त्या वर्षी नेहमीचा बोलणारा आलाच नव्हता. शाळेतला नवा लिपिक म्हणून बन्सीधरच्या हातात माईक दिला, आणि त्याच दिवशी शेवटच्या चढाईत सटवाजी पकडला गेला. हात रेषेपासून वीतभर मागे राहिला. बन्सीधरने आकडे सांगितले. मैदान चिडीचूप. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून समोर पडलेली सूचना त्याने वाचून टाकली, "खेळाडूंसाठी पाण्याची सोय शाळेच्या ओट्याजवळ केलेली आहे." पुढे तसा शिरस्ताच पडला. हार सांगायची आणि पाण्याची सोय सांगायची. गावाने त्याची म्हण करून टाकली. कुणी निवडणुकीत पडलं, कुणाची सोयरीक मोडली, की कट्ट्यावर कुणीतरी म्हणणारच, "चला, पाण्याची सोय ओट्याजवळ केलेली हाय." लोक हसायचे. बन्सीधरही हसायचा.

सटवाजीची बाज अंगणात होती. वहिनी उशाशी उभ्या होत्या. बन्सीधर नुसताच बाजेच्या कडेला टेकला. डीजे इथपर्यंत ऐकू येत होता.

"सांग," सटवाजी म्हणाला.

"काय सांगू आता? कळलं की तुला. फटाके ऐकलेस ना?"

"फटाक्याचं... काय खरं." त्याने डावा हात हलवून बन्सीधरची बाही धरली. "तुह्या तोंडून ऐकल्याबिगर... हरलो असं वाटत न्हाई."

"मंग न्हाई सांगत जा," बन्सीधर एकदम म्हणाला. डोळे भरून आले होते. "ऱ्हाऊ दे तसंच. न्हाई हरलो आपण."

सटवाजीने मान हलवली. लहान मुलाकडे बघावं तसा तो बघत होता. "जे झालं... ते सांग."

बन्सीधर उठला. बसून त्याने निकाल कधी सांगितला नव्हता. शाल काढून बाजेवर ठेवली, सदरा खाली ओढून सरळ केला आणि कुंपणाकडे बघत बोलला.

"सामना संपलेला आहे. चुडावा सत्तावीस. ताडकळस सव्वीस. शेवटच्या चढाईत ताडकळसच्या नागेशचा हात मध्यरेषेपासून थोडक्यात मागे राहिला. चुडावा एका गुणाने विजयी."

"थोडक्यात म्हंजी?"

"वीतभर."

"मह्यावाणीच," सटवाजी म्हणाला. त्याच्या तोंडाची चालणारी बाजू जराशी हलली. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"पुढलं?" त्याने विचारलं.

"पुढलं काय? संपलं."

"पाण्याचं."

बन्सीधरचा जो आवाज इतक्या वर्षांत एकदाही हलला नव्हता, तो आता हलला. तरी वाक्य त्याने मध्ये तोडलं नाही.

"खेळाडूंसाठी... पाण्याची सोय शाळेच्या ओट्याजवळ केलेली आहे."

वहिनी तोवर माठाकडे गेल्याही होत्या. बन्सीधरने सटवाजीच्या मानेखाली हात घालून डोकं उचललं आणि सत्काराची शाल घडी करून हनुवटीखाली धरली. पहिल्या चमच्यातलं निम्मं पाणी ओठांच्या कोपऱ्यातून शालीवर सांडलं, निम्मं आत गेलं. गळ्याची गाठ हळूच वरखाली झाली.

वहिनी दुसरा चमचा भरेपर्यंत सटवाजीने तोंड उघडंच ठेवलं होतं.