पहिली ओळ शेवटी

पियानोच्या बाईंची शिकवण्याची रीत ऐकली की नव्या पालकांच्या कपाळावर हमखास आठ्या पडत. बाई कुठलीही धून शेवटापासून शिकवत. आधी सगळ्यात खालची ओळ, पुढच्या आठवड्यात तिच्या वरची, मग तिच्या वरची, असं करत पोर सरतेशेवटी पहिल्या ओळीवर पोचे. तोवर पोराच्या स्वरलिपीच्या पानावर न शिकवलेल्या ओळींवर बाई तपकिरी कागदाच्या पट्ट्या चिमट्यांनी लावून ठेवत आणि दर गुरुवारी एक पट्टी स्वतःच्या हातानं काढत. कारण साधं होतं. पोरं पुढून शिकली की सुरुवात अशी झोकात वाजवतात की विचारू नका, आणि शेवटाकडे जाता जाता हातपाय गाळतात, कारण रोजच्या सरावात शेवटापर्यंत पोचतो कोण? मागून शिकलं की जितकं पुढे जावं तितकं ओळखीचं लागत जातं. एकतीस वर्षं बाई हे आईबापांना समजावत होत्या, आणि एकतीस वर्षं आईबाप मान डोलावून घरी जात आणि म्हणत, शिकवतात छान, पण बाई जरा विक्षिप्तच आहेत.

बाईंचा खरा जीव होता तो घरच्या सरावावर. आठवड्यातून एक तास आपण शिकवतो त्यानं काय होणार, जे काय व्हायचं ते उरलेल्या सहा दिवसांत, असं त्या म्हणत. म्हणून प्रत्येक पोराला सरावाची वही. कुठल्या दिवशी काय वाजवायचं ते बाई लिहून देणार आणि खाली घरच्यांनी रोज सही करायची. सह्या कशा होतात हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. गुरुवारी सकाळी, एकाच पेनानं, सहाच्या सहा, एका दमात. बाई हसू दाबून पान उलटत.

भिंगरीची वही मात्र वेगळी होती. नऊ वर्षांची ही पोरगी एका जागी म्हणून ठरत नसे, त्यामुळे घरातच तिचं नाव भिंगरी पडलं होतं. तिची आई चष्म्याच्या दुकानात कामाला, घरी दोघीच. पण या भिंगरीच्या वहीत एका मंगळवारी आईनं सहीशेजारी लिहिलं होतं, ‘आज जेवायला पियानोवरून हाताला धरून उठवावं लागलं.’ बाईंनी ती ओळ तीनदा वाचली होती. असं पोर पाच-सहा वर्षांतून एखादं येतं, आणि आलं की बाईंना आपण हा धंदा का पत्करला ते पुन्हा कळतं.

भिंगरीची धून सहा ओळींची होती. पाच ओळी झाल्या होत्या आणि त्या गुरुवारी शेवटची पट्टी निघायची होती. पण भिंगरी खालून पाचव्या ओळीत दोनदा अडखळली आणि तिनं सगळं इतक्या हलक्या आवाजात वाजवलं की बाईंना खुर्ची पुढे ओढावी लागली. मग आईनं पर्समधून एक चिठ्ठी काढली. सोमवारी ती दाराखालून आत सरकवलेली मिळाली होती. खालच्या मजल्यावर एक बाइंडर एकटेच राहत, घरीच वह्या-पुस्तकं बांधत. चिठ्ठी त्यांची होती. ‘गेले पाच आठवडे रोज साडेपाचला वर जे चालतं, ते आता माझ्याच्यानं सहन होत नाही. काहीतरी करा.’

आईनं काहीतरी केलं होतं. घर भाड्याचं, शेजाऱ्यांची तक्रार गेली की घरमालक घर सोडायला सांगणार हे करारातच होतं. तिनं पियानोत घोंगडी कोंबली, सराव दहा मिनिटांवर आणला आणि शेवटी दुकानातल्या एका बाईला पियानो विकून टाकला. रविवारी सकाळी गाडी येणार होती. हा शेवटचा तास, असं सांगून तिनं चिठ्ठीची घडी घातली. निर्णय पक्का होता.

बाईंना काही सुचेना, आणि काही सुचेनासं झालं की माणूस नियमाला धरून बसतो. त्यांनी वही ओढली आणि लिहिलं, ‘पाचवी ओळ पुन्हा. पट्टी पुढच्या गुरुवारी.’ भिंगरीनं ते वाचलं, बाईंकडे पाहिलं आणि वही दप्तरात ठेवली. पुढचा गुरुवार नव्हताच. हे बाईंच्या लक्षात आलं तेव्हा मायलेकी जिना उतरून गेल्या होत्या.

दोन रात्री बाईंना धड झोप लागली नाही. शनिवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास त्या बाइंडरच्या दारात उभ्या राहिल्या. येताना वाटेत त्यांनी चांगलं भांडण तयार करून आणलं होतं: मुलांची वाढ, शेजारधर्म, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे, तुम्हालाही मुलंबाळं असतील. दार उघडलं ते एका किडकिडीत, साठीच्या माणसानं. बोटांना वाळलेली खळ, कानामागे पेन्सिल. कोण, कुठल्या, हे ऐकून त्यानं मान खाली घातली आणि त्यांना आत घेतलं. टेबलावर पुठ्ठे, कापडाचे तुकडे, दाबाखाली ठेवलेली जाडजूड पुस्तकं. बसायला होती त्या एकुलत्या खुर्चीवरचा गठ्ठा त्यानं उचलला आणि स्वतः उभाच राहिला.

बाई भांडणाला सुरुवात करणार तोच वर सूर लागला.

आता गंमत अशी की एकतीस वर्षं घरच्या सरावाचं व्याख्यान देणाऱ्या बाईंनी कुठल्याही पोराचा घरचा सराव कधी ऐकलाच नव्हता. पोरं त्यांच्यासमोर वाजवत ते बाईंसाठी वाजवत. हे निराळंच होतं. घोंगडीतून गाळून आलेला दबका सूर, तोच तुकडा चारदा, पाचदा, मग एक चूक, मग शांतता. आणि उघड्या खिडकीतून भिंगरीचा आवाज, स्वतःलाच दरडावणारा: “घाई कुठं चाललीय? गाडी पकडायचीय का?” हे शब्द बाईंचे होते, तो ठसकाही बाईंचाच होता. बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण पाठोपाठ पाचवी ओळ न अडखळता आली, आणि बाई भांडण विसरून ऐकत बसल्या.

“घोंगडी वगैरे घातलीय वाटतं,” बाइंडर म्हणाला. “सोमवारपासून नीट ऐकूही येत नाही.”

बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. तुम्हीच तर लिहिलंत, असं त्यांनी म्हटल्यावर तो गडबडला. आवाजाबद्दल आपलं काही म्हणणंच नाही, वाजू दे की, असं पुटपुटला. मग धीर करून एकदम बोलला.

“बाई, हे सुरू कुठून होतं?”

बाईंना आधी कळेचना. मग त्यानं सांगितलं. पहिल्या आठवड्यात नुसता शेवट ऐकू आला. त्याला वाटलं, शिकतेय पोर. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या आधी आणखी एक तुकडा आला. त्याला वाटलं, ही सुरुवात. मन निवांत झालं. तर शुक्रवारी त्याच्याही आधी आणखी एक. पाच आठवडे हा खेळ चालला होता. सुई हातात घेतली की डोक्यात तेच, याच्या आधी काय असेल. परवा तर एका वकिलाच्या रजिस्टरची पानं त्यानं शेवटाकडून पुढे अशी शिवून टाकली होती. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. चिठ्ठी त्यानं आधी दीड पानी लिहिली होती, सगळं सविस्तर. पण वाचून स्वतःचीच लाज वाटली. या वयात माणसानं सुरुवात मागायला जायचं म्हणजे काय. म्हणून एकेक वाक्य खोडत गेला. नेमकं जे विचारायचं तेच खोडलं गेलं आणि उरल्या त्या दोन ओळी.

“तुम्हाला येत असेल ना,” तो म्हणाला. “नुसतं गुणगुणून दाखवा. मी परत त्रास देणार नाही.”

ते माझ्याकडून नको, वर चला, असं म्हणत बाई उठल्या, आणि जाता जाता उद्या पियानो चाललाय हेही सांगून टाकलं. बाइंडरचा चेहरा पडला. चपला पायात घालायचंही भान न राहता तो अनवाणी त्यांच्यामागून जिना चढला.

दारात त्याला पाहून भिंगरीच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी गाडी येतेय काका, आजचाच दिवस, असं ती घाईघाईनं सांगू लागली. काका आपल्या अनवाणी पायांकडे बघत उभे राहिले, तेव्हा सगळं बाईंनीच सांगितलं. ऐकून हसावं की रडावं हे आईला ठरवता येईना, म्हणून तिनं दोन्ही थोडं थोडं केलं.

भिंगरी मात्र स्टुलावरून बाइंडरकडे टक लावून पाहत होती.

“मलापण माहीत नाही सुरू कुठून होतं,” ती म्हणाली. “मला वाटलं गुरुवारी बाई पट्टी काढतील.”

तू उचलून बघितलं नाहीस का, असं बाइंडरनं विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. पट्टी बाईंनीच काढायची असते, हे तिनं अगदी स्वाभाविकपणे सांगितलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वरच्या मजल्यावर एक आणि खालच्या मजल्यावर एक, अशी दोन माणसं पाच आठवडे एकाच गोष्टीसाठी झुरत होती, आणि ती गोष्ट आपण एका चिमट्यात धरून बसलो होतो. गुरुवार नव्हता, शनिवार होता. बाईंनी पुढे होऊन पट्टी काढली आणि आपण चुकलो असं भिंगरीला स्पष्ट सांगितलं. आईनं पियानोतली घोंगडी ओढून बाहेर काढली.

पहिली ओळ फार सोपी होती. डाव्या हाताचे चार संथ सूर, मग उजवा हात हळूच त्यात येतो, बस्स. भिंगरीनं ती तीनदा अंदाज घेत वाजवली. “एवढंच होय,” बाइंडर म्हणाला, पण डोळे मिटून. मग तिनं पाठ सरळ केली आणि सगळं सलग वाजवायला घेतलं. पहिली ओळ झाली, आणि जिथं ती दुसरीला मिळते तिथं येऊन बोटं थांबली. आजवर ती तिथून निघाली होती, तिथं येऊन कधी पोचली नव्हती. बाईंच्या ओठावर सूचना आली. त्याआधीच भिंतीशी उभ्या असलेल्या बाइंडरनं पुढचे तीन सूर गुणगुणले. आवाज फाटका, पण सूर बरोबर. भिंगरीनं मागे न बघता ते उचलले आणि पुढं निघाली.

पुढचं सगळं तिच्या ओळखीचं होतं आणि त्याच्याही. शेवट आला तसा बाइंडरनं मोठा श्वास सोडला. पाच आठवडे रोज ऐकलेला तो शेवट त्याला आज पहिल्यांदा शेवटासारखा लागला. पुन्हा वाजवू का, भिंगरीनं विचारलं. तिघांनीही एकदमच हो म्हटलं.

दुसऱ्या खेपेला ती मध्यावर असताना फोन वाजला. उद्या गाडी किती वाजता पाठवू, असं दुकानातली बाई विचारत होती. आठवडाभर दबक्या आवाजात बोलणाऱ्या भिंगरीच्या आईनं एका कानावर हात ठेवला.

“जरा मोठ्यानं बोला,” ती म्हणाली. “आमच्याकडे पियानो चाललाय.”