एकविसावा परीक्षार्थी

जायची होती तेरा पोरं आणि वर्गात बसत होते वीस जण. हे जिनेशच्या ध्यानात यायला पाच आठवडे लागले.

"सुनीलभाऊ," तो जिन्यातूनच म्हणाला, "माझ्याकडं तिकिटं काढायची आहेत तेरा. हे वरचे सात कोण?"

"आवड म्हणून येतात."

"बिसाया भाषेची आवड? आळेफाट्यावर?"

प्रश्न रास्त होता. जिनेशच्या वडिलांचं, लालचंदशेठचं, खाली कापडाचं दुकान आहे. जिनेश काही कापडात रमला नाही. इथं मेडिकलला नंबर न लागलेली पोरं तो फिलिपीन्सला डॉक्टर व्हायला पाठवतो, आणि नीटची परीक्षा झाली की दुकानावरच्या हॉलमध्ये मी त्या पोरांचा सहा आठवड्यांचा वर्ग घेतो. तिथलं कॉलेज इंग्रजीत चालतं, पण दावाओ शहरातल्या वॉर्डातला पेशंट बोलतो तिकडची बिसाया. ती ज्याला येत नाही तो डॉक्टर नुसता खांबासारखा उभा राहतो. मी वर्षभर तसा उभा राहिलोय, म्हणून सांगतो.

सकाळी आठ ते चार हॉलमध्ये मराठी बंद. जो बोलेल त्यानं गॅलरीत जाऊन शरीराचे दहा अवयव बिसायात मोठ्यानं म्हणायचे. खाली नाशिकच्या आणि नगरच्या गाड्या थांबतात, त्यातली माणसं माना वर करून बघतात. लाजेकाजेनं का होईना, पोरं पंधरा दिवसांत बोलायला लागतात. माझी शिकवायची रीत साधी आहे. एकानं डॉक्टर व्हायचं, एकानं पेशंट. काय होतंय, कुठं दुखतंय, कधीपासून, आधी काही आजार होता का. हे दिवसातून चाळीस वेळा, पोरं झोपेत बडबडायला लागेपर्यंत.

त्या सात जणांना मात्र कुठंही जायचं नव्हतं. सावळारामकाका आणे गावचे, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. सोनीबाई खाली दुकानात साड्यांना फॉल लावते. वृषाली माझी चुलत वहिनी, तिला मी निरगुडसरहून रोज गाडीवर बसवून आणत होतो. उरलेल्या चौघांनाही असंच गळ घालून बसवलेलं. कारण शेवटच्या दिवशी तोंडी परीक्षा असते आणि ती व्हिडिओ कॉलवर दावाओहून मारितेस घेते. माणशी आठ मिनिटं. तेरा जण म्हणजे पावणेदोन तास. वीस जण म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. तेवढा वेळ मला तिचा आवाज ऐकायला मिळतो.

मारितेस नर्सिंगला होती आणि मी मेडिकलला. मला बिसाया आली ती तिच्यामुळं. वॉर्डात मी चुकलो की ती पेशंटसमोर कधी हसली नाही. जिन्यात येऊन हसायची आणि तेच वाक्य माझ्याकडून पाच वेळा म्हणवून घ्यायची. तीन वर्षं आम्ही एकमेकांना धरून होतो. वीस सालच्या मार्चमध्ये सगळं बंद व्हायला लागलं आणि मी मिळेल त्या विमानानं घरी आलो. निघताना तिला म्हणालो, सहा महिन्यांत येतो. पुढं नियम बदलले, तिथली डिग्री इथं चालणार की नाही याचा घोळ झाला, आणि वडील म्हणाले, "आता बास." मी ऐकलं. खरं सांगायचं तर डॉक्टरकी मला झेपत नव्हती. मला हायसंच वाटलं. ते तिला सांगायची मात्र हिंमत झाली नाही. आज सांगू, उद्या सांगू करत वर्ष गेलं आणि तिनं विचारणं सोडून दिलं.

दोन वर्षांनी वर्ग सुरू केला तेव्हा मी तिला लिहिलं, पोरांची परीक्षा घ्यायला तिथलं माणूस हवंय. चौथ्या दिवशी उत्तर आलं. घेईन, पण बोलणं फक्त पोरांचं, आणि तू कॅमेऱ्यासमोर यायचं नाहीस. तेव्हापासून दर जूनमध्ये मी लॅपटॉपच्या मागं प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसतो, मोबाइलवर आठ मिनिटांचा गजर लावतो आणि ऐकतो. वाकून स्क्रीन बघता आली असती, पण बघितली नाही. एवढा एक शब्द तरी पाळला. दुधाची तहान ताकावर म्हणतात तसं चाललं होतं, आणि मला ते ताकही गोड लागत होतं.

यंदा मे महिन्यात तिचा मेसेज आला. जुलैमध्ये ती आयर्लंडला जाणार, तिथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आहे, यापुढं परीक्षा घेता येणार नाही. त्याच संध्याकाळी मी सावळारामकाकांना गाठलं आणि म्हणालो, मोकळेच आहात तर वर्गाला येत चला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी चार वाजून गेल्यावर अक्षदा यादी घेऊन आली. पोरगी हुशार, थोडक्यात नंबर हुकलेली.

"सर, एक विचारू का? राग नका धरू," ती म्हणाली. "मागच्या बॅचची पोरं म्हनत व्हती, परीक्षेत मॅडम बोलायला लागल्या की तुमी घड्याळाकडं बघतच न्हाई."

"मग कुठं बघतो?"

"लॅपटॉपच्या पाठीकडं."

चोराच्या मनात चांदणं. मी उगाच तिच्यावर खेकसलो, यादी झाली का म्हणून.

"झालीये. वीस नावं. अजून कुनाचं घालायचंय का, सर?"

"नाही," मी म्हणालो. ती थोडी थांबली आणि गेली.

घरी येऊन मी ती यादी उघडली. विसाव्या नावाखाली माझं नाव लिहिलं, खोडलं, जेवून आलो आणि पुन्हा लिहिलं. हे हात दाखवून अवलक्षण होतं. नाव बघून तिनं परीक्षाच रद्द केली असती तर आवाजही गेला असता. पण लोकांना पुढं करून मागं लपायचा मला आता वीट आला होता. पासपोर्टची मुदत अजून संपली नव्हती. मी एक वाक्य तयार केलं: जाऊ नकोस, मी येतो. शेतात मोटारीचं पाणी धरायला गेलो तरी तेच म्हणत होतो. यादी पाठवली. तिचं उत्तर आलं, मिळाली, अकरा वाजता.

अकराला कॉल लागला. मी स्टुलावर. तिचा आवाज आला आणि नेहमीसारखं पहिली दोन मिनिटं मला शब्द कळलेच नाहीत, नुसता आवाज कळला. पेशंट तीच व्हायची आणि प्रत्येकाला नवा आजार द्यायची. समर्थला पोटदुखी दिली, अक्षदाला चक्कर. अक्षदानं असे नेमके प्रश्न विचारले की पाच मिनिटांतच आजार सापडला. माझी तीन मिनिटं बुडाली. एरवी मी शाबासकी दिली असती, त्या वेळी मनात चरफडलो.

सावळारामकाकांच्या वाट्याला गुडघेदुखी आली. कुठं दुखतंय, त्यांनी विचारलं. गुडघा, ती म्हणाली. कधीपासून? दोन वर्षं. काकांना पुढचं काही आठवेना. त्यांनी धोतर वर केलं, स्वतःचा गुडघा कॅमेऱ्यासमोर धरला आणि बिसायात म्हणाले, "माझा, बावीस वर्षं."

मारितेस हसली. जिन्यात हसायची तशीच, आधी श्वास अडकल्यासारखी आणि मग मोकळी. सहा वर्षांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं. स्टुलाच्या कडा मी दोन्ही हातांनी धरून ठेवल्या.

वीस झाले. सगळी माणसं गॅलरीत जाऊन उभी राहिली.

"एकवीस," ती म्हणाली. नाव घेतलं नाही.

मी सवयीनं गजर लावला, मोबाइल स्टुलावर ठेवला आणि पुढं येऊन खुर्चीत बसलो. तिला आता चष्मा लागला होता. केस आखूड. डोळ्यांखाली रात्रपाळ्या दिसत होत्या. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मी तिच्याकडं. तिनं कॉल तोडला नाही.

"उनसाय इमोंग गिबाती?" मी विचारलं. काय होतंय तुम्हाला? वर्गात पहिल्या दिवशी शिकवतो तो प्रश्न. माझा आवाज माझाच मला अनोळखी वाटला.

"काही होत नाही, दोक," ती म्हणाली. तिथं डॉक्टरला दोक म्हणतात, आज तिनं विसाही जणांना म्हटलं होतं. "मी परदेशी चाललेय. तब्येत ठीक असल्याचं सर्टिफिकेट लागतं. तेवढं तपासून द्या."

बाकी सगळ्यांना तिनं आजार दिला होता. मला दिलं हे.

"आधी काही आजार होता?"

"एक होता. सहा वर्षांपूर्वी."

"किती दिवस?"

"दोन वर्षं अंगावर काढला."

"औषध?"

"घेतलं नाही. ड्युटीवर जात राहिले."

"आणि आता?"

"आता जेवण जातं, झोप लागते." ती थांबली. "वर्षातून एकदा, जूनमध्ये, दोन-तीन तास दुखतं. मग बरं वाटतं."

मी समजत होतो की त्या स्टुलावर मी एकटाच बसतो. वाक्य जिभेवर तयार होतं. जाऊ नकोस, मी येतो.

"दोक," ती म्हणाली, "मला जाता येईल का?"

ती हसत नव्हती आणि परीक्षाही घेत नव्हती. मला मनापासून विचारत होती. मी थांब म्हणालो असतो तर ती थांबली असती, निदान काही महिने, असं मला अजूनही वाटतं. आणि मग मी आज निघतो, उद्या निघतो करत बसलो असतो. मला मी चांगला ओळखतो. मला ती हवी होती, त्या वेळी तर सगळ्यात जास्त हवी होती, आणि तरीही तिला पुन्हा वाट बघायला लावायला माझा जीव धजेना.

"जाता येईल," मी म्हणालो. "तब्येत ठणठणीत आहे. परत दाखवायला यायची गरज नाही."

तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सालामात, दोक," ती म्हणाली. आभारी आहे.

बरीच मिनिटं शिल्लक होती. तिच्या खिडकीबाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती. मी तिचा चेहरा बघून घेतला. मग स्टुलावरचा गजर वाजायला लागला. बंद करायला तिथं कुणी नव्हतं, तो वाजतच राहिला.

"वेळ झाली," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो, आणि स्क्रीन काळी झाली.

सावळारामकाका दारात येऊन उभे होते. त्यांनीच आत येऊन गजर बंद केला. माझ्याकडं बघून त्यांनी खुर्ची ओढली आणि शेजारी बसले.

"मास्तर, तुमचा पेपर कसा गेला?"

"सगळं बरोबर आलं, काका. एकच वाक्य राहिलं."

"कंचं?"

"पाठ करून आलो होतो ते."