कमी हवेचे चाक

सोमवारपासून माझी नात वेदिका माझीच मोटारसायकल घेऊन पालीहून लांज्याला नोकरीवर जाणार होती. प्रवास महामार्गाचा, म्हणून शनिवारी सकाळी आम्ही दोघे गाडी घेऊन महेंद्रच्या पंक्चरच्या दुकानात गेलो. हे दुकान मुळात त्याच्या वडिलांचे, भिकूचे. भिकूला जाऊन वर्ष होत आले.

महेंद्रने मागच्या चाकापाशी उकिडवे बसून व्हॉल्व्हवर बोट ठेवले. रिमच्या छिद्रातून जो सरळ उभा असायचा, तो पार आडवा कलला होता.

"सर, टायर रिमवर सरकतोय, आणि ट्यूबला पण ओढून नेतोय. हवा किती भरता?"

मी आकडा सांगितला. त्याने मान वर केली.

"निम्मी पण नाय ही. गाडी जोरात असताना व्हॉल्व्ह मुळातून तुटला तर ताई सरळ रस्त्यावर."

वेदिका हसली. "आजोबा, संस्कृत शिकवताना श्लोकातली एक मात्रा सोडत नाही तुम्ही. हवा बरी अर्धी सोडलीत."

मला हसता आले नाही. तुळसाच्या, माझ्या पत्नीच्या, पाठीची शस्त्रक्रिया झाली त्याला बावीस वर्षे झाली. जांभ्या दगडाचे चिरे वाहणाऱ्या ट्रकांनी आमच्या वाडीचा रस्ता उखडला होता. माझ्या मागे बसलेली ती प्रत्येक धक्क्याला ओठ मिटून घेई. मी हवा कमी केली, तेव्हा चाक दगडांवरून मऊपणे जाऊ लागले. भिकूने एकदाच कारण विचारले आणि मी सांगितले. त्यानंतर दर महिन्याला तो न सांगता टायर मागे सरकवून जागेवर आणी, व्हॉल्व्ह सरळ करी आणि पुन्हा तितकीच कमी हवा भरी. सहा वर्षांपूर्वी तुळसा गेली. मी हवा वाढवली नाही. भिकूनेही त्याविषयी अवाक्षर काढले नाही.

हे सारे मी महेंद्रला सांगितले. त्याने पाना खाली ठेवला.

"बाबा म्हणायचे, सरांच्या हवेला हात लावायचा नाय. मला वाटलं, तुमची कायतरी विद्या असेल."

"आता लाव हात," मी म्हणालो. "पूर्ण भर."

त्याने नवी ट्यूब घातली. हवा भरताना टायरची कड फट्दिशी रिममध्ये बसली. मग टायर आणि रिम यांवरून त्याने पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढली. "ताई, ही रोज बघायची. तुटलेली दिसली की टायर सरकला. मग गाडी काढायची नाय."

पुढचे चाक उचलून त्याने सैल फिरवले. त्याची जड बाजू पुनःपुन्हा खालीच येऊन थांबे. तिच्या विरुद्ध बाजूच्या स्पोकला तो थोडेथोडे शिसे बांधत गेला, तेव्हा कुठे चाक सोडू तिथे स्थिर राहू लागले. हे काम तो वडिलांसारखेच, ओठांत काहीतरी गुणगुणत करीत होता.

परतताना गाडी वेदिकाने चालवली. मागच्या आसनावर मी प्रथमच बसलो होतो. वाडीचा रस्ता लागताच प्रत्येक दगड पाठीच्या कण्यातून वर चढू लागला. इतकी वर्षे पुढे बसून मला हे कधी कळलेच नव्हते.

"आजोबा, फार आदळतंय का? थोडी हवा सोडू?"

"नको," मी म्हणालो. "हळू चालव, म्हणजे झाले."

तिने वेग कमी केला.