पांढऱ्या पट्टीचा पेशंट

गल्लीत सगळे त्यांना डॉक्टर म्हणत, पण त्यांनी जन्मात एकाही माणसाची नाडी पाहिली नव्हती. बावीस वर्षं त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. बायको मात्र खरीखुरी नर्स, त्यामुळे ती सगळ्यांची सिस्टर. डॉक्टर मशीन बघतात आणि सिस्टर माणसं, असं म्हणून गिऱ्हाइकं फुकटात हसून घ्यायची.

चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांना झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. एक शब्द तेवढा मागे राहिला, 'हो'. पाणी हवं, हो. पाणी नको, तरी हो. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं, पण तोंडाशी येईपर्यंत प्रत्येक शब्दाचा 'हो' होऊन जायचा. मान हलवायला जावं तर तीही भलतीकडेच हलायची, आणि लिहायला बसलं की नुसत्या रेघोट्या. लोकांनी थोडे दिवस विचारून पाहिलं आणि मग सोडून दिलं. सगळ्यालाच हो म्हणणाऱ्या माणसाला विचारायचं तरी काय?

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला घरातला कॉम्प्युटर बोंबलायला लागला. दोन दिवस त्यावर जाहिरातींचा नुसता पाऊस पडत होता. आता अख्खा स्क्रीन लालभडक झाला, 'धोका! कॉम्प्युटर बंद करू नका! ताबडतोब फोन करा!' आणि त्यासोबत कर्कश बीप, बीप, बीप.

दुसऱ्या कुणी कानाडोळा केला असता. पण सिस्टरनी तीस वर्षं अतिदक्षता विभागात काढली होती. बीप वाजलं की धावायचं, विचार मागाहून, हे त्यांच्या अंगात भिनलं होतं. हातातलं फडकं टाकून त्या आल्या आणि त्यांनी नंबर फिरवला.

शेजारी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या डॉक्टरांनी ती भामट्यांची पाटी लगेच ओळखली. अशी लाल पाटी त्यांनी शेकड्यांनी पुसली होती. फोन करून बसलेल्या गिऱ्हाइकांना ते चारचौघांत वेड्यात काढायचे.

"हो!" ते ओरडले. "हो, हो, हो!"

"हो, लावलाय फोन. जरा दम धरा," सिस्टर म्हणाल्या.

पलीकडचा माणूस तर साखरेत घोळलेला. त्याने एक प्रोग्रॅम उतरवून घेतला, आणि माउसला हात न लावता स्क्रीनवरचा बाण आपला आपण फिरू लागला. "बघा ताई, केवढे व्हायरस! तुमचं खातंसुद्धा उघडं पडलंय." सिस्टरच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कार्डाचा नंबर सांगून टाकला. त्या कार्डामागे डॉक्टरांच्या उपचाराची सगळी पुंजी होती.

"हो! हो!" डॉक्टरांनी डाव्या हाताने टेबल बडवलं.

"पाहा, साहेबही हो म्हणतायत," फोनमधला माणूस हसला. "आता एक कोड येईल, तेवढा वाचा."

डॉक्टरांनी बायकोचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला. "अहो, तुम्हाला कळतंय का काही? गप्प बसा ना जरा!"

इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी असं कधी बोलली नव्हती. डॉक्टरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रडायला मात्र सवड नव्हती. इंटरनेटची वायर भिंतीपाशी, तिथवर हात पोचत नव्हता. फोन टिंगकन वाजला. कोड आला.

"चार," सिस्टर वाचू लागल्या, "सात..."

डॉक्टरांनी डावीकडचा खण ओढला. पेचकस, जुने स्क्रू, आणि तळाशी ती गुंडाळी, जखमेवर लावायच्या चिकटपट्टीची. दुकान नवं असताना सिस्टरनीच ती दिली होती. "आमच्याकडे संसर्गाचा पेशंट वेगळा ठेवतात. तुम्हीही ठेवत जा." तेव्हापासून व्हायरस लागलेलं मशीन आलं की डॉक्टर त्याच्या स्क्रीनवर पांढरी पट्टी आडवी मारायचे. पट्टी दिसली की सिस्टरसुद्धा त्या मशीनला बोट लावत नसत.

"एक... नऊ..."

एका हाताने पट्टी फाटेना. त्यांनी ती दातांत धरून ओढली आणि पुढे झुकून, खुर्चीतून पडता पडता, बायकोच्या हातातल्या फोनवर आडवी चिकटवली.

"ताई? पुढचे दोन आकडे?"

सिस्टर पट्टीकडे बघत राहिल्या. मग नवऱ्याकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी फोन कापला, धावत जाऊन वायर उपटली आणि आधी बँकेला कळवून कार्ड बंद करून घेतलं. मग त्या जमिनीवर बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या.

"चार आकडे सांगितले हो मी. चार!"

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले, स्टूल ओढलं आणि नवऱ्याचा डावा हात उचलून माउसवर ठेवला. "सांगा. मी विचारत नाही, नुसती बघते."

तोंड विसरलं होतं, पण हात काही विसरला नव्हता. डॉक्टरांनी आधी त्या भामट्याचा प्रोग्रॅम काढला. मग जाहिराती पाठवायला ज्या ज्या वेबसाइटना परवानगी दिली गेली होती, त्या सगळ्यांची नावं एकेक करून उडवली. शेवटी बाण एका प्रोग्रॅमच्या नावावर थांबला. 'बोलायला शिका, मोफत'. दोन दिवसांपूर्वी उतरवलेलं. सगळी घाण ह्याच्याच पाठीवर बसून घरात आली होती.

डॉक्टरांचं बोट बटणावर अडून राहिलं. मग त्यांनी ते दाबलं आणि नाव यादीतून गेलं.

"तुमच्यासाठीच घेतलं होतं मी ते," सिस्टर हळूच म्हणाल्या. "ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

चार महिन्यांत पहिल्यांदाच, म्हणायचं होतं तेच त्यांच्या तोंडून आलं होतं आणि तिला तेच ऐकू गेलं होतं.