गोरख दोनदा ओरडला होता

पेणचा कमळाकर म्हात्रे रोह्याच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होता. दिवसाला सिगारेटची दोन पाकिटं ओढायचा आणि जगात नीट बोलणारं माणूसच उरलं नाही, असं ठासून सांगायचा. टीव्ही चालू असताना बायको रंभा काही बोलली, की हा खेकसायचा, "तोंडात गुळणी धरलीयस काय गो?" फिटर गोरखच्या बोलण्याची तर तो सगळ्यांदेखत नक्कल करायचा आणि वर धूर त्याच्याच तोंडावर सोडायचा.

१९९६च्या मार्चमध्ये गोरख वाफेच्या पाइपाचा सांधा खोलून बसला होता. पंपांच्या घरघरीत तो ओरडला, "वाफ सोडू नका!" कमळाकरला ऐकू आलं, "वाफ सोडा." त्यानं व्हॉल्व्ह फिरवला. गोरखचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

"पुटपुटतो तो! माझी काय चूक नाय," कमळाकर साहेबांपुढे म्हणाला. साहेबांनी त्याला कान तपासून यायला सांगितलं. मशीनवर कान अगदी ठणठणीत निघाले. तपासणीचा कागद नाचवतच तो रंभाबरोबर पेणला डॉक्टर अनिता टिपणीसांकडे सही घ्यायला गेला. रंभानं त्यांना गोरखची हकीकत आणि याच्या सिगारेटी, सगळं सांगून टाकलं.

"कान चांगलेच आहेत," बाई म्हणाल्या. "पण ते मशीन शांत खोलीत नुसती शिट्टी ऐकवतं. गोंगाटातून माणसाचा शब्द वेचायचं काम मेंदूचं. सिगारेटमधली तंबाखू त्या कामात ढवळाढवळ करते."

"कायतरीच! मागं दोन दिवस सोडली, तर हिचा एक शब्द कळंना. एक झुरका मारला आणि डोकं लख्ख!"

बाई तुच्छतेनं हसल्या. "सवय लागलेला मेंदू, सोडल्यावर सुरुवातीचे काही दिवस सिगारेटच मागत बसतो. दुसऱ्याचं बोलणं तो कशाला ऐकेल? जी लक्ष पळवते, तीच घटकाभर ते परत देते आणि तुम्ही तिचे उपकार मानता! दोन दिवसांत हरणाऱ्यानं गोरखची चेष्टा करावी?"

कमळाकर तणतणत बाहेर पडला. रंभानं मात्र त्याला घरी न नेता थेट कासूला, गोरखच्या दारात नेलं. गोरखची बायको संध्या नवऱ्याला घास भरवत होती. गोरखनं मान वर केली नाही. एवढंच म्हणाला, "मी दोनदा वरडलो व्हतो, दादा."

दोनदा! आणि याला एकदाही कळलं नाही! आजवर दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेली सगळी तुच्छता त्या क्षणी कमळाकरच्याच अंगावर आली. हात जोडायला गेला, तर खिशातलं सिगारेटचं पाकीट खाली पडलं. ते उचलायचीही त्याला किळस आली.

पुढचे तीन आठवडे त्यानं घर डोक्यावर घेतलं, पण सिगारेटला हात लावला नाही. हळूहळू डोकं ताळ्यावर आलं, समोरच्याच्या बोलण्यात मन लागू लागलं. मग एके दिवशी शिफ्ट बदलताना तो सगळ्या कामगारांपुढे उभा राहिला. "गोरखचं बोलणं साफ होतं," तो म्हणाला. "मीच नालायक होतो."

मंडळी, धूर सोडत दुसऱ्याला हसणारे असे शहाणे तुमच्या-आमच्या घरात, कचेरीत पुष्कळ आहेत. सिगारेट फुप्फुसं जाळते, हे त्यांना पाठ असतं. ती आपल्या माणसाची हाकही आपल्यापर्यंत पोचू देत नाही, हे कळायला कुणाचा हात भाजावा लागू नये!