सातव्या नळाचा रविवार

माझ्या नणंदेला घरात सगळे मुंगी म्हणतात. जन्मली तेव्हा मुंगीएवढी होती म्हणे; आता दारातून वाकून येते. आम्ही दोघी मिळून घराच्या गॅरेजमध्ये बिअर बनवतो. गाडी बाहेर उन्हात आणि बिअर आत सावलीत, यावरून माझा नवरा, म्हणजे मुंगीचा दादा, वर्षातून दोनदा कुरकुरतो आणि उरलेले दिवस फुकट पितो.

मुंगीकडे नाक आहे, माझ्याकडे थर्मामीटर. मी आधी शाळेच्या प्रयोगशाळेत होते, त्यामुळे मोजल्याशिवाय मी मीठसुद्धा घालत नाही. मुंगी पिंपाचं झाकण उघडते, वास घेते आणि म्हणते, "अजून दोन दिवस." मग मी नळ्या भरते, आकडे काढते, आणि उत्तर येतं: अजून दोन दिवस. याचा मला राग येतो. आता लपवून काय करायचं, फार राग येतो.

तर त्या रविवारच्या आधीचे पंधरा दिवस आमच्यात अबोला होता.

भांडण झालं चमचाभर संत्र्याच्या सालीवरून. मुंगी म्हणाली, सुकवलेली साल घालू या. मी म्हणाले, सरबत करायचं असेल तर तसं सांग. त्यावर ती म्हणाली, "वहिनी, तुला चव कमी आणि जीभ जास्त." तेही बाटल्या भरून न्यायला आलेल्या चार गिऱ्हाइकांसमोर. गिऱ्हाइकं हसली. ती हसली नसती तर मी कदाचित सोडूनही दिलं असतं. मुंगीने साल घातलीच. मीही चौघांदेखत जाहीर केलं की या बिअरचा थेंब मी जिभेला लावणार नाही, आणि हिच्याशी एक शब्द बोलणार नाही.

अबोल्याला मध्ये एक माणूस लागतो. आमच्याकडे तो माणूस म्हणजे माझा नवरा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या माणसांशी शांतपणे बोलायची त्याला सवय आहे. "दादा, तुझ्या बायकोला सांग, पिंप धुऊन झालंय." "अरे, तुझ्या बहिणीला सांग, मला डोळे आहेत." तिघं एकाच खोलीत उभे, आणि तो बिचारा इकडे मान वळवून सांगतो, तिकडे मान वळवून सांगतो. काम मात्र चोख चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी तो दोन दिवसांसाठी परगावी गेला. आता निरोप कोण पोचवणार? गॅरेजमधल्या फळ्यावर, जिथे आम्ही रोजची कामं लिहितो, मुंगीने मधोमध खडूने रेघ मारली. डावी बाजू तिची, उजवी माझी. मी तिची बाजू वाचायची नाही असं ठरवलं. तिने माझी वाचायची नाही असं ठरवलं असणार, कारण मी तिथे 'फडकं कुठे ठेवलंयस' असं मोठ्या अक्षरात लिहिलं तरी फडकं मिळालं नाही. त्याच संध्याकाळी मी पिंपात मोजून साखर घातली, झाकण घट्ट लावलं आणि माझ्या बाजूला तसं लिहून टाकलं. बिअर पिंपात भरताना थोडी साखर घालावीच लागते. ती आत बंद झाकणाखाली आंबते आणि बिअरला फसफस येते. कमी पडली तर बिअर पाण्यासारखी मिळमिळीत. जास्त पडली तर काय होतं ते मी तोवर फक्त पुस्तकात वाचलं होतं.

आता काकांबद्दल सांगायला हवं. कोपऱ्यावरच्या बारचे मालक, सगळ्या रस्त्याचे काका. त्यांच्याकडे सात नळ आहेत. सहांवर मोठ्या कंपन्यांची बिअर, सातवा आसपासच्या घरगुती बनवणाऱ्यांसाठी. तो मिळाला की वर्षभर तुमची बिअर तिथे. पण काकांची परीक्षा जगावेगळी. एक रविवार तुमचा: दुपारी बारापासून, काउंटरवरचा दिवा लागेपर्यंत. पिंप तुम्ही आणायचं, ग्लास तुम्ही भरायचे. आणि संध्याकाळी काका विक्री विचारत नाहीत. टेबलांवर उष्टे राहिलेले ग्लास मोजतात. "घेतात सगळेच, नवीन आहे म्हणून," ते म्हणतात. "संपवतात ते आवडली म्हणून." बोटभरापेक्षा जास्त बिअर उरलेले तीन ग्लास माफ. चौथा दिसला की पुढच्या वर्षी या. आणखी एक नियम: पहिले दोन ग्लास बनवणाऱ्यांचे. "जो स्वतःची पीत नाही, त्याची मी का विकू?"

आम्हाला तो रविवार मिळाला होता, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मुंगीला दूरच्या शहरातल्या बिअरच्या कारखान्यातून बोलावणं आलं. पांढरा कोट घालून दिवसभर चव बघायची नोकरी. होय की नाही, ते सोमवारी कळवायचं. ती दादाला म्हणाली, "तुझ्या बायकोला सांग, सातवा नळ मिळाला तर राहते. नाहीतर जाते." मी म्हणाले, "तिला सांग, जशी तिची मर्जी." आणि आत जाऊन दुसरं, रिकामं, आधीच धुतलेलं पिंप पुन्हा तीनदा धुतलं. ती गेली तर त्या गॅरेजमध्ये मी आणि माझं थर्मामीटर, दोघंच उरणार होतो. पण अबोला म्हणजे अबोला. आधी कोण बोलणार?

रविवारी बाराला बार गच्च भरला होता. पिंप काउंटरवर, मुंगी नळापाशी, मी ग्लास घेऊन तिच्या शेजारी, दोघींची तोंडं विरुद्ध दिशांना. काकांनी मान हलवली. मुंगीने नळ उघडला.

नळातून बिअर आलीच नाही. आला तो फेस. आधी भसकन एक गोळा आला, काउंटरवर बसला आणि थरथरला. मग ग्लासभर फेस, मग हातभर, मग काकांच्या शर्टावर, मग पहिल्या रांगेतल्या बाईंच्या चष्म्यावर. मुंगीने नळ बंद केला तर तोटीच्या कडेने फुर्रर्र करत बारीक फवारा उडाला आणि मागच्या टेबलावरच्या गृहस्थांनी आपली टोपी काढून त्यावर धरली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्या नळाची गत.

"झालं!" काका मिशीवरचा फेस पुसत म्हणाले. मग त्यांनी ते बोट चाटलं.

मुंगीने कसेबसे दोन ग्लास भरले. तळाला दोन बोटं बिअर, वर वीतभर फेस. एक तिने घटाघट प्यायला. दुसरा माझ्यासमोर सरकवला. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. कोपऱ्यात नॅपकिनच्या डब्यामागे ठेवून दिला.

पिंपाच्या झाकणावर दाब सोडायची एक कडी असते. ती ओढली की आतला वायू बाहेर पडतो. पण ती आखडली होती, पूर्ण जोर लावून दोन्ही हातांनी ओढावी लागत होती. मी ओढू लागले. नळ मुंगीकडे. मी कधी सोडायचं ते तिला दिसत होतं, मला नाही. तिने दादाला शोधायला मान वळवली. दादा कडीसाठी पकड आणायला घरी पळाला होता. मध्ये माणूसच नव्हता.

मुंगीने ओठ आवळले. ग्लास वाहायला लागला. तिच्या बाहीवरून फेस कोपराकडे निघाला.

"सोड!" ती ओरडली.

पंधरा दिवसांनी पहिला शब्द.

मी सोडली. "ओढ!" ओढली. "थांब! थांब म्हणतेय ना, वहिनी!" "थांबलेय! तूच नळ फिरवतेयस!" "मग जरा हळू!" "हळू काय, हे काय बाळ आहे?" लोक हसून हसून बेजार. आम्ही काचेच्या मोठ्या जगमध्ये फेस भरून ठेवायचो, तो बसला की बिअर निघायची, मग ग्लासात, मग वरून फेसाचा मऊ थर. लोक जगभोवती उभे राहून फेस उतरताना पाहत होते आणि "उतरला, उतरला!" म्हणून ओरडत होते. एकाने तर फेसाचाच ग्लास मागितला. तो चमच्याने खाल्ला आणि दुसरा मागितला.

इतक्यात दादा पकड घेऊन धापा टाकत आला. दारातूनच त्याने हात वर केला. "ऐका! मी फळा वाचून आलोय!"

सगळा बार दाराकडे वळला.

"डाव्या बाजूला: सकाळी सात, साखर घातली. उजव्या बाजूला: संध्याकाळी सहा, साखर घातली." त्याने आम्हा दोघींकडे पाहिलं. "मी दोन दिवस गावाला काय गेलो!"

मी मुंगीकडे पाहिलं, मुंगीने माझ्याकडे. ती आधी हसली, की मी, ते आता सांगता येणार नाही. मी कडी सोडून काउंटरवर डोकं ठेवून हसत होते, मुंगी ओल्या जमिनीवर फतकल मारून बसली होती, आणि नळ आपला चालूच होता. शेवटी चष्म्यावाल्या बाईंनी पुढे येऊन तो बंद केला.

त्यानंतरचे चार तास कसे गेले कळलं नाही. कुणीतरी भिजलेली टोपी पंख्याला वाळत घातली. काका शर्ट बदलून आले आणि तोही भिजवून घेतला. पाचच्या सुमाराला पिंपातून शेवटचा सुस्कारा आला. रिकामं!

खिडकीतलं ऊन काउंटरवरून खाली उतरलं तसे काका उठले आणि टेबलांमधून फिरू लागले. पहिला उष्टा ग्लास दातांच्या डॉक्टरांचा. त्यांना पेशंटचा फोन आला होता. दुसरा, कडू काहीच चालत नाही अशा एका मावशींचा. तिसऱ्याचा मालक त्याच्याशेजारी डोकं टेकून झोपला होता. "तीन," काका म्हणाले. मुंगीने माझा हात धरला. मीही तिचा घट्ट धरला. काकांनी बार पुरा पालथा घातला, टेबलांखालीसुद्धा वाकून पाहिलं. मग ते काउंटरपाशी आले आणि दिव्याच्या बटणाकडे हात नेता नेता नॅपकिनचा डबा बाजूला केला.

मागे माझा ग्लास होता. फेस केव्हाच उतरून गेला होता. उरली होती तीन बोटं बिअर, सोनेरी, जशीच्या तशी.

"चार," काका म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण बटणावरचं बोट तिथेच राहिलं. "हा कुणाचा?"

मुंगीने माझा हात सोडला. पांढरा कोट घातलेली मुंगी मला तिथल्या तिथे दिसली. परक्या शहरात, परक्या ग्लासाचा वास घेणारी.

"माझा," मी म्हणाले. "काका, दिवा लागला नाहीये अजून."

मी ग्लास उचलला. थेंब जिभेला लावणार नाही म्हणाले होते, चौघांदेखत. त्यातले दोघं तिथेच उभे होते आणि चांगले डोळे फाडून पाहत होते. कोमट झालेली बिअर होती. मी प्यायला लागले, आणि कडवटपणाच्या मागून, अगदी शेवटी, सुकलेल्या संत्र्याची साल आली. तोंड पुन्हा पुढच्या घोटाला तयार करून गेली. माझं कुठलंच यंत्र हे मोजू शकलं नसतं. मी ग्लास उलटा करून काउंटरवर ठेवला.

"साल हवीच होती," मी म्हणाले. "मला चव कमीच आहे. म्हणून तर तू हवीस. जाऊ नकोस, मुंगे."

काकांनी दिवा लावला. "तीन," ते म्हणाले, आणि सातव्या नळावर अडकवायची रिकामी पाटी काउंटरवर ठेवली.

बारभर ओरडा झाला. झोपलेला गृहस्थ उठला आणि काय झालं ते न विचारताच टाळ्या वाजवू लागला. मुंगी मात्र माझ्याकडे बघतच नव्हती. बाहीने नाक पुसत ती दादाकडे वळली.

"दादा, तुझ्या बायकोला सांग," ती म्हणाली, "उद्या सकाळी सातला माल्ट दळायचाय. आणि साखरेला हात लावायचा नाही."

दादाने सवयीने माझ्याकडे मान वळवली, तोंड उघडलं, आणि मग आमच्या दोघींच्या मधून बाजूला सरकला.